सतरा हजार किलोमीटरवरचं मनगट

आन्सेल्मो केसादाच्या घरी कुणी आजारी आहे, हे त्याने गौतमीला सांगितलं नव्हतं. तरी बैठकीहून घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "त्याच्या घरी काहीतरी बिघडलंय. आईचंच असणार."

"कुणाच्या घरी?" निषादने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"आन्सेल्मोच्या. आज सारा वेळ त्याचा हात गार लागत होता."

निषाद पोळ्या लाटत होता. लाटणं तसंच हातात राहिलं. ज्या माणसाचा हात त्याच्या बायकोला गार लागला, तो माणूस चिलीची राजधानी सँटियागो इथे, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या टोकाला बसलेला होता. गौतमी त्याला जन्मात एकदाही भेटली नव्हती. आणि ज्या यंत्रातून तिला तो गारवा कळला, ते निषादनेच बनवलेलं होतं.

दोन दिवसांनी पुढची बैठक रद्द झाल्याचा निरोप आला. केसादांच्या आईला हृदयविकाराचा झटका आला होता. शास्त्रज्ञ म्हणून निषादला टाळी वाजवावीशी वाटली. नवरा म्हणून त्याने तो निरोप पुन्हा एकदा वाचला.

गौतमी कर्णिक दिल्लीत व्यापार करारांच्या वाटाघाटी करायची. चिलीबरोबरचा करार तिच्या हातात आला तेव्हा तो कित्येक वर्षं कुजत पडला होता. समोर चिलीच्या बाजूने आन्सेल्मो असायचा. चिलीकडे लिथियम होतं. ते आल्याशिवाय आपले बॅटरीचे नवे कारखाने चालणार नव्हते. आपल्याकडे औषधं होती. इन्शुलिन तर त्यांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. देवाणघेवाण उघड होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी: लिथियमचं शुद्धीकरण कुणाच्या देशात करायचं? कारखाने जिथे निघतील तिथल्या पोरांना कामं मिळणार होती. दोन्ही बाजूंना वाटायचं, समोरचा आपल्याला गंडवतोय. भाषेची अडचण नव्हती. कानात घालायचं यंत्र इकडचं बोलणं तिकडच्या भाषेत चुटकीसरशी करून द्यायचं. तरीही बोलणी पुढे सरकत नव्हती.

असं का होतं, यावरच निषादचं संशोधन होतं. दोन माणसं समोरासमोर बसून बराच वेळ बोलली की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. मग हृदयाचे ठोकेही एकमेकांच्या संगतीने चढू-उतरू लागतात. कुणी मुद्दाम करत नाही. एकत्र गाणाऱ्यांत हे घडतं, बाळाला छातीशी धरलेल्या आईत घडतं. शरीर मेंदूला सांगतं, हा माणूस आपला आहे, सावध राहायचं कारण नाही. पडद्यावरच्या बैठकीत हे घडत नाही. पडद्यातून श्वास जाणवत नाही, आणि जे दिसतं तेही किंचित उशिरा दिसतं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येणाऱ्या संदेशाला वेळ लागणारच.

निषादने त्यावर तोड काढली होती. मनगटावर बांधायची एक मऊ पट्टी. समोरच्याची नाडी, श्वास, त्वचेची ऊब ती आपल्या मनगटावर हलकेच उमटवायची. उशीर टाळण्यासाठी पट्टीमागचा संगणक त्या माणसाची लय शिकून घ्यायचा, पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधायचा आणि मुरलेला तबलजी गायकाची सम ओळखतो तसा तो नेमक्या क्षणी द्यायचा. पट्टीचं नाव होतं 'सहस्पंद'. दोन्ही देशांनी राजीखुशीने ती या वाटाघाटींत वापरायचं ठरवलं. अट एकच होती: बोलणी चालू असताना यंत्रणेला कुणी हात लावायचा नाही. देखभाल निषादच्या प्रयोगशाळेकडे होती. नवराबायको एकाच कामात कसे, असं कुणीतरी विचारलंही होतं. पण पट्टीची खोड जाणणारा दुसरा माणूसच नव्हता.

पट्टीने काम केलं. गेल्या कित्येक वर्षांत सुटले नव्हते ते मुद्दे त्या हिवाळ्यात सुटत गेले. शुद्धीकरणाचा पहिला टप्पा तिकडे आणि पुढचा इकडे, असं गौतमीने सुचवलं आणि आन्सेल्मोने ते हसत उचलून धरलं. करार व्हायच्या आधीच विश्वासापोटी तात्पुरती व्यवस्था सुरू झाली. इन्शुलिनची जहाजं तिकडे निघाली, लिथियमची इकडे. गौतमीचं कौतुक होऊ लागलं. तिने नव्या दोन साड्या घेतल्या आणि त्या बैठकीच्या दिवशीच नेसायला लागली.

ते निषादच्या लक्षात आलं. त्याआधी आलेख त्याच्या लक्षात आला होता.

प्रत्येक बैठकीनंतर दोघांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या दोन रेषा त्याच्या पडद्यावर यायच्या. हिरवी गौतमीची, निळी आन्सेल्मोची. सुरुवातीला त्या वेगवेगळ्या वाटांनी जायच्या. आता त्या जोडीने जिना उतरणाऱ्या माणसांसारख्या जात. वादाच्या वेळी त्या एकत्र आल्या तर निषादला काही वाटत नसे. त्याला सलायचं ते बोलणं थांबलेलं असतानाचं. दोघं आपापल्या समोरचा मसुदा वाचत आहेत, कुणी काही बोलत नाही, आणि दोन्ही रेषा एकमेकींवर पडून एकच झाली आहे. निषाद तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा बघायचा. जेवणाचा डबा बाजूला तसाच राहायचा.

एका रविवारी सकाळी त्याने दोन जुन्या पट्ट्या घरी आणल्या. "जरा तपासायच्या आहेत," तो म्हणाला. "बसतेस दहा मिनिटं?"

गौतमी बसली. समोरासमोर खुर्च्या घेऊन दोघांनी पट्ट्या बांधल्या. निषादने तिच्या नोकरीबद्दल विचारलं, तिच्या भावाच्या नव्या घराबद्दल विचारलं. ती नीट उत्तरं देत होती, पाहुण्याला द्यावीत तशी. त्याच्या मनगटावर तिची नाडी पडत होती. शांत, एकसारखी, आणि त्याच्याशी काहीही देणंघेणं नसलेली. त्याने तिला लग्नाच्या आधीची, महाबळेश्वरला गाडी बंद पडल्याची आठवण करून दिली. ती हसली. नाडी जिथल्या तिथे होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. उत्तम चालतायत."

पट्टी सोडताना त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ते पाहिलं नाही. ती फोनवर उद्याच्या बैठकीची वेळ बघत होती.

त्या दिवशी जेवताना त्याने विचारलंच, "तुला तो आवडतो का?"

"कोण, आन्सेल्मो? अरे, दोन मुलींचा बाप आहे तो. डोक्यावर केस नाहीत."

"मी ते विचारलं नाही."

गौतमीने घास खाली ठेवला. "निषाद, मला त्याच्याशी बोलताना बरं वाटतं. ते वाटावं म्हणूनच तू ही पट्टी केलीस ना? मग आता मी काय करू, वाटून घेऊ नको?"

तिने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू व्हायच्या आधी निषाद प्रयोगशाळेत एकटा होता. त्याने गौतमीकडे येणाऱ्या ठोक्यांना उशीर घातला. अगदी थोडा, पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी. मनाला तो कळणार नव्हता, शरीराला कळणार होता. त्याच्याच प्रयोगात हे दिसून आलं होतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू आहे आणि त्याचा ठोका क्षणभर मागून येतोय, असं झालं की माणूस अस्वस्थ होतो. अस्वस्थतेचं कारण सापडत नाही, मग तो ते समोरच्यात शोधतो. हा काहीतरी लपवतोय, असं त्याला वाटू लागतं.

गौतमी घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आज काहीतरी निराळं होतं. तो खरं बोलत नव्हता."

"कशावरून?"

"सांगता येत नाही रे. आतून वाटतं."

निषादला इतकं हलकं वाटलं की त्याने उठून तिच्यासाठी स्वतः कॉफी केली. एकदाच, असं त्याने ठरवलं होतं. पण पुढच्या बैठकीलाही त्याने उशीर तसाच ठेवला, आणि त्याच्या पुढच्याही. हिरवी आणि निळी रेषा एकमेकींपासून लांब जाताना बघणं त्याच्याने सोडवत नव्हतं.

गौतमीचा संशय वाढत गेला. चिलीने शुद्धीकरणासाठी आधीच दुसऱ्या कुणाशी बोलणी लावली आहेत, असं तिला वाटू लागलं. तिने कंपन्यांची सगळी कागदपत्रं मागितली. आन्सेल्मोने निम्मी दिली. तिने उरलेली मागितली. शेवटी एका बैठकीत ती म्हणाली, "तुम्ही मला सरळ का सांगत नाही, तुमचा सौदा दुसरीकडे ठरलाय म्हणून?"

आन्सेल्मोने हातातला कागद खाली ठेवला. "चार महिने तुमच्याशी बोलतोय," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला हे विचारता?" त्याने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तो उठून गेला.

करार मोडला नाही, पण थांबला. तात्पुरत्या व्यवस्थेची मुदत संपत आली होती. ती वाढवायची तर दोघांची सही हवी होती, आणि दोघं बोलत नव्हते. इन्शुलिन घेऊन गेलेलं जहाज चिलीच्या किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. तिकडून निघायचं लिथियम बंदरातच राहिलं. संभाजीनगरच्या एका नव्या कारखान्याने एक पाळी बंद केली. बातम्यांमध्ये चिलीतल्या दवाखान्यांसमोरच्या रांगा दिसायला लागल्या. एक म्हातारी इन्शुलिन गार ठेवायची रिकामी पिशवी छातीशी धरून पायरीवर बसली होती. तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

गौतमी ती बातमी उभ्यानेच बघत राहिली. "माझं चुकलं का रे?" तिने विचारलं. "मी सगळी कागदपत्रं तीनदा चाळली. काही सापडत नाही. पण मला त्या वेळी नक्की वाटत होतं. इतकं नक्की कधी वाटलंच नव्हतं."

निषादने एव्हाना उशीर काढून टाकला होता. घाबरून, गुपचूप. पण बैठकाच होत नव्हत्या, आणि झाल्या असत्या तरी फार उपयोग नव्हता. एकदा बसलेला संशय पट्टी दुरुस्त करून निघत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. गौतमी नीट झोपत नव्हती. स्वतःच्या प्रत्येक निर्णयाकडे ती आता परक्यासारखी बघायची. भाजीवाल्याने वजन बरोबर केलंय का, याचीही तिला खात्री वाटेना. तिच्या मनातल्या एका खांबाला आपण धक्का लावलाय आणि सगळं घर हलतंय, असं निषादला वाटलं.

त्याने सकाळी सांगितलं. ती कामावर निघण्याआधी, दारापाशी.

"तुला जे वाटत होतं, ते तुझं नव्हतं. मी पट्टीत उशीर घातला होता. त्याच्याकडून काहीही चूक झालेली नाही. तुझ्याकडूनही नाही."

गौतमीने पर्स खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. "का?"

"माझ्याने बघवत नव्हतं."

"काय?"

"तुमच्या दोघांच्या रेषा."

ती ओरडली नाही. तेच जास्त कठीण होतं. "तुला माझा राग आला असता तर तू माझ्याशी भांडला असतास," ती म्हणाली. "तू काय केलंस माहितीय? एका चांगल्या माणसाला मी खोटारडा म्हणाले, आणि ते तू माझ्या तोंडून वदवलंस. मला वाटलं, ते माझंच मन बोलतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "आता मला काहीही वाटलं तरी मी आधी विचार करणार, हे माझंच आहे ना."

मग तिने पर्स उचलली. "चल माझ्याबरोबर. हे तू माझ्या वरिष्ठांसमोर सांगायचंस."

तिच्या वरिष्ठांचं नाव भार्गव. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी निषादचं सगळं ऐकून घेतलं आणि गौतमीकडे वळले. "चिलीला यंत्रात बिघाड झाला म्हणून कळवता येईल. ते खोटंही नाही. खरं कारण सांगितलंत तर तुम्हाला या कामातून बाजूला व्हावं लागेल, हे समजतंय ना?"

"समजतंय, सर. पण बिघाड म्हटलं तर आन्सेल्मोला जन्मभर वाटत राहील, मी त्याला चोर समजले."

निषाद भिंतीशी उभा होता. आपण सगळं उद्ध्वस्त केलंय, बायकोचं नाव पणाला लागलंय, तिकडे दवाखान्यांत माणसं ताटकळतायत, आणि तरी त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा: किती जपते ही त्याला. त्याला स्वतःची किळस आली. विचार मात्र गेला नाही.

त्या संध्याकाळी साध्या पडद्यावर, पट्टी न बांधता बैठक झाली. निषाद मागे बसला होता. गौतमीने सगळं सांगितलं. नवऱ्याने मत्सरापोटी काय केलं तेही. मत्सर हा शब्द उच्चारताना तिचा आवाज जरा खाली गेला, पण तिने तो टाळला नाही. "तुम्हाला जे बोलले त्याबद्दल मी माफी मागते," ती म्हणाली. "यापुढे माझ्या जागी दुसरं कुणीतरी असेल."

आन्सेल्मोने चष्मा काढून पुसला. त्याच्या टकलावर दिव्याचा उजेड पडला होता. निषादने त्याला पहिल्यांदाच असा बघितला, रेषा म्हणून नव्हे, माणूस म्हणून.

"माझी बायको इनेस मला केव्हापासून सांगत होती, ती पट्टी सोडून टाक," आन्सेल्मो म्हणाला. "ती म्हणायची, बैठक असली की तू सकाळी शीळ घालतोस. मी हसण्यावारी नेलं. सोडली नाही." त्याने चष्मा पुन्हा घातला. "जहाज उद्या आत घेतो. सही पाठवतो. बाकीचं हळूहळू बघू."

जहाज आत गेलं. चौकशी झाली. निषादची प्रयोगशाळा काढून घेतली गेली आणि सरकारी वाटाघाटींत सहस्पंद वापरायला दोन्ही देशांनी बंदी घातली. गौतमीच्या जागी दुसरा अधिकारी आला. पट्टीशिवाय बोलणी संथ चालली, भांडणं झाली, पण मुद्दे मेजावर होते आणि माणसं एकमेकांना ओळखू लागली होती. गौतमी अधिकाऱ्यांच्या वसतिगृहात राहायला गेली होती. निषाद एका महाविद्यालयात शिकवू लागला. आठवड्यातून एकदा दोघं बाहेर कुठेतरी जेवायचे आणि हवापाण्याबद्दल बोलायचे.

करार झाला तेव्हा पुढचा हिवाळा आला होता. सह्यांचा समारंभ दिल्लीत होता. गौतमीला व्यासपीठावर जागा नव्हती, मागच्या रांगेत होती. तिने निषादला फोन केला. "येतोस? मला एकटीला जायचं नाही."

समारंभानंतर चहाच्या वेळी आन्सेल्मो गर्दीतून वाट काढत आला. बुटका, जाडसर, घामाघूम झालेला माणूस. तो आणि गौतमी समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनाही काय बोलावं कळेना. "आई बरी आहे?" गौतमीने विचारलं. "आता बरी आहे," तो म्हणाला. मग दोघंही लाजल्यासारखे हसले आणि कपात बघू लागले.

त्याच्यामागे एक उंच बाई उभी होती. इनेस. ती गौतमीकडे टक लावून बघत होती, तिचे केस, तिची साडी, तिचे हात. निषादने ते बघणं लगेच ओळखलं. इनेसची नजर वळली आणि निषादवर येऊन थांबली. दोघांच्या कानात यंत्र नव्हतं, आणि एकमेकांची भाषाही येत नव्हती. इनेसने हलकीशी मान झुकवली. निषादनेही झुकवली.

परतताना दोघं एकाच गाडीत बसले.

"तुला अजून त्रास होतोय," गौतमी म्हणाली.

"होतोय."

"मग मला विचार. मोजत बसू नकोस. तोंडाने विचार."

निषादने विचारलं. "तुझा जीव जडला होता त्याच्यावर?"

"हो," ती म्हणाली. "बैठकीपुरता. ती संपली की मी घरी यायचे, आणि मला घरी यायलाही आवडायचं. तुला या दोन गोष्टी एकत्र पटणार नाहीत. पण दोन्ही खऱ्या होत्या."

निषाद खिडकीबाहेर बघत राहिला. ऐकण्याआधी वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, आणि जास्त खोल.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "मला सँटियागोच्या दूतावासात पाठवतायत. व्यापाराचं काम. चिलीच्या लोकांनीच माझं नाव सुचवलं. म्हणाले, जी बाई एवढं खरं सांगू शकते तिच्याशी आम्हाला बोलायला आवडेल. तीन वर्षं आहे. मी हो म्हटलंय." ती त्याच्याकडे वळली. "तू येशील?"

हो म्हणायला त्याचे ओठ उघडले होते. मग त्याला ते घर दिसलं. अनोळखी शहरातल्या खिडकीत बसलेला तो दिसला, ती कामावरून यायची वाट बघणारा. तिने कुठली साडी नेसलीय, ती शीळ घालते का, आल्या आल्या कुणाचं नाव घेते, हे टिपणारा.

"नाही," तो म्हणाला. "आत्ता आलो तर पहाऱ्यालाच येईन."

गाडी वसतिगृहाच्या फाटकाशी थांबली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथे बराच वेळ राहिला.

"पहारा संपला की कळव," ती म्हणाली आणि उतरली.

आत जाताना तिने मागे वळून पाहिलं का, हे निषादला कधी कळलं नाही. त्याने मुद्दामच पाहिलं नव्हतं. त्याने गाडीला घरचा पत्ता सांगितला आणि डोळे मिटून घेतले.